निकालाआधीचा न्याय

स्पर्धा परीक्षेच्या वहीत अमेरिकन राज्यक्रांती तीन रकान्यांत बसते: कारणे, घटना, परिणाम. १७६५चा स्टॅम्प अॅक्ट, १६ डिसेंबर १७७३च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात फेकलेल्या चहाच्या ३४२ पेट्या, १७७६चा जाहीरनामा. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३पासून मुख्य परीक्षेत अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास घातला, तेव्हापासून ही घोकंपट्टी उरण तालुक्यातल्या जासईपर्यंत पोचली आहे.

पण एक प्रश्न त्या रकान्यांत मावत नाही. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकीचा होता. ब्रिटिश सरकारच्या लेखी ती सरळसरळ नासधूस. वसाहती हरल्या असत्या तर त्याच माणसांना पाठ्यपुस्तकाने दंगलखोर म्हटले असते. मग कृत्य न्याय्य होते म्हणून गौरव झाला, की जिंकले म्हणून न्याय्य ठरले?

निव्वळ विजयावर भिस्त ठेवली तर पुढे अडचण येते. सगळी माणसे समान, असे लिहिणाऱ्या जेफरसनच्या मळ्यावर गुलाम राबत होते. १७७६चा ‘परिणाम’ त्यांच्या वाट्याला आलाच नाही. देशभर गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ची.

जोतीराव फुले यांनी हा इतिहास परीक्षेसाठी वाचला नव्हता. १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले; शूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही त्यामागची इच्छा. अमेरिकेतला निकाल लागून गेला होता, पण इथला कुठे लागला होता? सत्यशोधक समाजही त्याच वर्षी निघालेला. तरीही आपली बाजू खरी धरायला जोतीराव यशाची वाट पाहत थांबले नाहीत.

ही वही जिथपर्यंत पोचली ते जासई हे शेतकरी नेते दि. बा. पाटलांचे गाव. १९८४च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, प्रकल्पांसाठी संपादित जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. १९८९ला न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली.

आता वहीतल्या तिसऱ्या रकान्यात ‘योजना मिळाली’ एवढे लिहून भागेल. पण ती आली नसती, तर १५ जानेवारीला शेतकऱ्यांची मागणी कमी न्याय्य होती असे म्हणायचे का?