सुरुवात कुणापासून?

येशूने सार्वजनिक कार्याला हात घातला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेऊन तो अरण्यात गेला. तिथे चाळीस दिवसांच्या उपासात भाकरी, सत्ता आणि चमत्काराचा गाजावाजा ही तिन्ही प्रलोभने त्याने नाकारली. पुढे नासरेथच्या सभास्थानात त्याने यशयाच्या ग्रंथातले वचन वाचले. त्यात दरिद्र्यांना शुभवार्ता होती आणि बंदिवानांना सुटका. योसेफाचा मुलगा किती छान बोलतो, म्हणून गावकरी खूश झाले. पण दुष्काळात देवाने एलियाला धाडले ते सीदोनातल्या परक्या विधवेकडे, आणि अलीशाच्या काळी कोड बरे झाले ते सूरियाच्या नामानाचे, असे त्याने सांगताच तेच गावकरी त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघाले.

दानधर्माची कुणालाच अडचण नसते. तो कुंपणापलीकडे गेला की भुवया चढतात.

पंडिता रमाबाईंनीही हा अनुभव घेतला. स्वतः विधवा असलेल्या रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि मायदेशी परतून 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही शाळा काढली. तिथे शिकलेल्या पहिल्या विधवा म्हणजे गोदूबाई. सदन पुण्यात आल्यावर मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून गहजब झाला. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर हे सुधारकही सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता. शिकायला धाडलेल्या लेकीचा धर्म बदलेल का, ही आईबापांची काळजी खरीच होती. पण विधवेचे केस उतरवून तिला कोपऱ्यात बसवणाऱ्या किती घरांनी तिच्यासाठी दुसरी शाळा काढली? आक्षेपाला प्रामाणिक उत्तर दिले ते धोंडो केशव कर्व्यांनी. त्यांनी त्याच वर्षी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापला. रमाबाईंवर खार खाऊन ते थांबले नाहीत. रमाबाईही थांबल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली आणल्या आणि केडगावला त्यांचा संसार मांडला. उच्चवर्णीय विधवांपासून निघालेले काम असे कुंपण ओलांडून गेले.

आजही परधर्मीयाने शाळा वा दवाखाना काढला की आपला पहिला प्रश्न असतो, यामागे हेतू काय? जरूर विचारावा. मात्र सोबत दुसराही विचारावा: या माणसांना त्या दारी का जावे लागले, आपले दार तेव्हा कुठे होते? पहिला प्रश्न विचारून दुसरा टाळणे म्हणजे निव्वळ पहारेकरीपणा.

आपल्या मंडळाची, ट्रस्टची, वसतिगृहाची नोंदवही उघडा. पहिल्या दहा लाभार्थ्यांत आपल्या जातीबाहेरचे, धर्माबाहेरचे एकही नाव नसेल, तर काम अजून सुरू झालेले नाही. ते तिथूनच सुरू करा.