आधी जाण, मग दया

पार्ल्यासारख्या उपनगरात देवळाबाहेर सकाळी गाय बांधलेली दिसते आणि शेजारी ओल्या चाऱ्याच्या पेंढ्या घेऊन बसलेली बाई. कामाला निघालेला माणूस चपला पायात सरकवता सरकवता एक पेंढी घेतो, गाईपुढे टाकतो, तिच्या पाठीवरून हात फिरवून तोच हात कपाळाला लावतो आणि स्टेशनची वाट धरतो. या अर्ध्या मिनिटात खरा भाव असतो आणि त्याला हसणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण भाव शुद्ध असला की भूतदयेचं काम पुरं झालं का, हा प्रश्न उरतोच. ज्या जिवावर दया करायची त्याला काय सोसतं, आपण दिलेल्याचं त्याच्या पोटात आणि त्याच्याही पलीकडे पुढे काय होतं, हे जाणून घेणं दयेच्या बाहेरचं, डॉक्टरांचं आणि शास्त्रज्ञांचं काम आहे की तोही धर्मच? तो धर्मच आहे, आणि ते टाळलं तर निर्मळ दयेच्या हातूनही मोठी हिंसा घडते, असं माझं मत आहे.

आपल्या मनात भूतदयेचं पहिलं चित्र एकनाथांचं असतं. रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतलं गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. तिथे तहान डोळ्यांना दिसत होती आणि पाणी खांद्यावर होतं. जनावरांची बरीचशी दुखणी मात्र अशी दिसत नाहीत. गाईने रवंथ सोडला, डावी कूस फुगली, एवढंच बाहेरून कळतं. आत कोठीपोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचा घट्ट गोळा झालेला असतो. शस्त्रक्रिया करून असे किलोकिलोंचे गोळे काढावे लागतात, आणि त्यातल्या काही पिशव्या कोणीतरी उरलेली पोळीभाजी गाईच्या मुखी लागावी म्हणूनच गाठ मारून ठेवलेल्या असतात. जैन परंपरेने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. दशवैकालिक सूत्रात ज्ञान आधी आणि दया नंतर असा क्रम सांगितला आहे, कारण जीव कुठे आहे हेच ज्याला ठाऊक नाही तो त्याला जपणार कसा? पावसाळ्यात जमिनीवर सूक्ष्म जीव वाढतात म्हणून साधू चार महिने विहार थांबवतात. त्या नियमामागे करुणा आहे, तसंच बारीक निरीक्षणही आहे.

हा क्रम चुकला की काय होतं, ते गिधाडांनी दाखवलं. 1990च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडं झाडावर माना टाकून बसलेली आणि नंतर मरून पडलेली दिसू लागली. पुढच्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात हजारात एक उरली. आधी एखाद्या विषाणूचा संशय होता. 2004 मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून कारण सिद्ध केलं. शवविच्छेदनात हृदय आणि यकृत यांवर चुना फासल्यासारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडं निकामी होऊन युरिक अॅसिड सगळ्या शरीरात साचलं होतं. असा थर असलेली 25 गिधाडं तपासली तेव्हा सगळ्यांमध्ये डायक्लोफिनॅक सापडलं, आणि दुसऱ्या कारणांनी मेलेल्या 13 गिधाडांमध्ये एकातही नाही. डायक्लोफिनॅक म्हणजे आपल्या घरातलंच, गुडघेदुखीवरचं औषध. ते स्वस्त झालं तसं गुरांनाही दिलं जाऊ लागलं. कास सुजली, पाय लंगडू लागला, भाकड झालेल्या म्हाताऱ्या गाईला उठवेना, की एक इंजेक्शन. गाय कापायची नाही, तर निदान तिचं अखेरचं दुखणं हलकं करावं, ही त्यामागची बुद्धी अनेक ठिकाणी असणार. ती गाय मेली, मढं माळावर टाकलं, गिधाडं उतरली. गणित मांडणाऱ्यांनी नंतर दाखवलं की शंभरात एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असलं तरी एवढी पडझड व्हायला पुरेसं होतं, कारण एकेका मढ्यावर गिधाडांचा सगळा थवा जेवतो.

त्याची झळ मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीपर्यंत पोचली. तिथे पारशी समाज आपला देह अखेरचं दान म्हणून पक्ष्यांच्या हवाली करतो. गिधाडं गेली आणि शेकडो वर्षांचा तो विधी अडला. उन्हाची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले, काहींनी दहनाचा मार्ग धरला. एका समाजाची गाईवरची माया दुसऱ्या समाजाच्या अंत्यसंस्काराला अशी जाऊन भिडली, आणि यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. कर्माचं मोल हेतूवर ठरतं, फळावर आपला अधिकार नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग गाईला इंजेक्शन देणाऱ्या शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? तो देऊच नये. 2004च्या आधी त्याला कळणं शक्यच नव्हतं. पण फळाचा लोभ सोडणं वेगळं आणि फळाकडे पाठ फिरवणं वेगळं. कारण समजल्यावर जबाबदारी बदलते. 2006 मध्ये सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांमधून ते गोठ्यात जातच राहिलं, म्हणून 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शनही 3 मिलीच्या कुपीपुरतं मर्यादित करावं लागलं. त्या नऊ वर्षांत जाणूनबुजून ज्यांनी ते विकलं आणि टोचलं, त्यांना अजाणतेपणाची ढाल नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. हे ज्ञान मिळवण्यासाठीही जीवच खर्ची पडले. डायक्लोफिनॅकच कारण आहे हे पक्कं करायला बंदिवासातल्या, पुन्हा सोडता न येणाऱ्या काही गिधाडांना ते दिलं गेलं आणि ती मेली. मेंढ्यांच्या मेंदूपासून बनणारी रेबीजची लस भारतात 2004 पर्यंत तयार होत होती. अहिंसा मानणाऱ्याने हे कसं पचवायचं? मला वाटतं, पचवू नये. ते ऋण म्हणून मनात ठेवावं. पण त्या ऋणाचं पुढे काय झालं, तेही पाहावं. गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक 2006 मध्ये तपासून सिद्ध झालं, म्हणजे गाईचं दुखणं आणि गिधाडाचा जीव यांत निवड करण्याची वेळच उरली नाही. मेंढ्यांची लस बंद झाली ती पेशीसंवर्धनातून बनणाऱ्या लशीमुळे. या दोन्ही ठिकाणी हिंसा कमी केली ती अधिक चांगल्या ज्ञानाने. संशोधन नाकारलं असतं तर मेंढ्या आजही त्यासाठी मरत राहिल्या असत्या.

मुंबईला हा विचार परका नाही. 1832 मध्ये इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा शहरात दंगल झाली, आणि 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आदींनी पांजरपोळ उभा केला. तिथे मुक्या जनावरांना आसरा मिळाला. पुढे पन्नास वर्षांनी दिनशॉ पेटिट यांच्या दानातून परळला त्यांच्या पत्नी साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय आलं आणि 1886 मध्ये त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आसऱ्याच्या जोडीला उपचार आणि उपचाराच्या जोडीला अभ्यास, हे या शहराच्या दानधर्मानेच केलं. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जी भांडणं झाली, त्यात दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा आणि फुफ्फुसांच्या रुग्णांची धाप दोन्ही ऐकू आली. कबुतराला स्वतःला काय हवं, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं.

हे सगळं तज्ज्ञांचं, सामान्य माणसाने काय करायचं, असं कोणी म्हणेल. गोव्याकडे पाहावं. तिथे 2013 नंतर कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम उभी राहिली. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, या हिशोबाने पथकं वस्तीवस्तीत फिरली. कुत्र्यांमधला रेबीज नव्वद टक्क्यांहून अधिक घटला आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. अशा मोहिमेत अनोळखी माणसाला पाहून पळणाऱ्या कुत्र्यासाठी जाळं लागतं. रोज बिस्किटं घालणाऱ्याच्या मात्र कुत्रं आपणहून जवळ येतं. तो मानेखाली हात घालून त्याला धरतो, सुई टोचली जाते, आणि लस झाल्याची खूण म्हणून कुत्र्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका लावतात. तो काही दिवसांत पुसला जातो. पुढच्या वर्षी पथक परत येतं, आणि त्या कुत्र्याला धरायला पुन्हा त्याच माणसाला हाक मारावी लागते.