आश्रिताची नखे

महाभारताच्या वनपर्वातील कबुतर आणि ससाणा यांच्या कथेचा नायक एका ठिकाणी शिबी, तर दुसऱ्या ठिकाणी त्याचा पिता उशीनर आहे. परंतु या नामभेदाने कथेतील प्रश्नाला बाध येत नाही. शरण आलेल्या कबुतराला राजा अभय देतो, ससाणा आपल्या भुकेची फिर्याद मांडतो, आणि राजा स्वतःच्या देहाचे मांस तराजूत घालून तो कज्जा मिटवतो. कथेचे निरूपण करणारे बहुधा राजाच्या त्यागापाशी थांबतात. मला मात्र त्याने जे केले नाही ते अधिक विचारार्ह वाटते. सर्व सत्ता हाती असताना, ससाण्याला पकडून त्याची नखे उपटावीत आणि यापुढे धान्यावर गुजराण करण्याचे फर्मान त्याला सोडावे, ही सोपी वाट त्याने धरली नाही. ससाण्याचा स्वभाव हा त्याचा अपराध नव्हे, आणि अभय देण्याचा खर्च अभय देणाऱ्यानेच सोसावयाचा असतो, हे त्याने न बोलता मान्य केले.

उत्तर अमेरिकेत घरातल्या मांजरांची नखे शस्त्रक्रियेने समूळ काढून टाकण्याची जी चाल गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली, तिच्याकडे या कथेच्या उजेडात पाहिले म्हणजे तिचे खरे रूप दिसू लागते. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या अस्थीपासून उगवते व तिच्याशी इतके एकजीव असते की ते पुन्हा येऊ नये अशी इच्छा असेल, तर ती अस्थीच सांध्यापाशी छाटावी लागते. म्हणजे पुढच्या दोन पंजांच्या दहाही बोटांचे शेवटचे पेर जाते. आणि मांजर तर बोटांवरच चालणारे जनावर. शस्त्राऐवजी लेझर वापरल्याने रक्त कमी वाहते, पेर जायचे ते जातेच. अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी 137 मांजरे व तितकीच नखे शाबूत असलेली मांजरे तपासली, तेव्हा नखे काढलेल्यांपैकी शेकडा 63 मांजरांच्या पंजांत हाडाचे तुकडे राहून गेलेले आढळले. पाठदुखी, चावणे आणि ठरलेली जागा सोडून घरात घाण करणे, या तिन्ही गोष्टी त्यांच्यात अधिक होत्या. यात नवल करण्यासारखे फारसे नाही. दुखऱ्या पंजाला पेटीतली वाळू टोचते, म्हणून मांजर मऊ गालिचा शोधते. आणि नखांचा इशारा देण्याची सोय उरली नाही, म्हणून ते एकदम दात लावते. सोफा वाचवावा म्हणून केलेल्या उपायाने गालिचा जातो, हा हिशेब शस्त्रक्रियेपूर्वी मालकाला कितीजण समजावून देत असतील, कोण जाणे.

आश्रित प्राण्यांशी कसे वागावे याचा जैन आचारशास्त्राने जितका बारकाईने विचार केला आहे, तितका अन्यत्र क्वचितच आढळेल. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे त्या व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील वध म्हणजे ताडन. आणि छविच्छेद म्हणजे अवयव छाटणे. ही यादी सावकाश वाचली की लक्षात येते, की तिचा रोख रानातल्या श्वापदांपेक्षा दावणीला बांधलेल्या, आपल्या हातून अन्नपाणी घेणाऱ्या जिवांकडे अधिक आहे. जो प्राणी पळून जाऊ शकत नाही आणि ज्याची तक्रार ऐकणारे न्यायासन कोठेही नाही, त्याच्याच बाबतीत सज्जन माणसाचा हात सैल सुटण्याचा संभव अधिक, हे त्या सूत्रकाराने ओळखले होते. पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असे जे पंधरा धंदे गणले, त्यांत पशूंची नाके टोचणे, डाग देणे आणि त्यांना खच्ची करणे, यांचाही समावेश आहे.

येथे आपणही थोडे अडचणीत येतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या चिकाटीतून आकाराला आलेला आपला 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा कलम 11 अन्वये पशूचा अवयवच्छेद हा गुन्हा ठरवतो. पण त्याच कलमात, विहित रीतीने केल्यास, गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे आणि वेसण घालणे यांना मुभा आहे. पोळ्याला बैलाची पूजा करताना आपण त्याच्या नाकात नवी वेसण ओवतो, ती याच मुभेखाली! हेमचंद्राला ही सूट मान्य झाली नसती. तरीही बैलाच्या वेसणीमागे निदान कुणब्याच्या पोटाचा प्रश्न उभा होता. मांजराच्या दहा पेरांमागे गादीच्या कापडापलीकडे काय उभे आहे? मग मांजराच्या नसबंदीचे काय, हा आक्षेप मात्र मी इतक्या सहज झटकून टाकू शकत नाही. नसबंदी हाही देहावरचा हस्तक्षेपच आहे. पण त्यामुळे उकिरड्यावर मरणाऱ्या पिलांची पैदास थांबते आणि त्या मांजराचे काही रोगही टळतात, म्हणून तो मी स्वीकारतो, काहीशा संकोचानेच.

नखे काढण्यावरील बंदीच्या बाबतीत युरोपातील 1987 चा पाळीव प्राण्यांविषयीचा करारनामा, इंग्लंडचा 2006 चा कायदा आणि इस्राएलचा 2011 चा कायदा हे पुढे गेले; अमेरिकेत ही शस्त्रक्रिया बंद करणारे न्यूयॉर्क हे पहिले राज्य, तेही 2019 साली, आणि त्यासाठी हजार डॉलरांपर्यंत दंडाची तरतूद झाली. त्याहून उद्बोधक कायदा कॅलिफोर्नियाचा. घरमालकांनी भाडेपट्ट्यात मांजराची नखे काढलेली असण्याची अट घालू नये, असे त्या राज्याला 2012 साली कायदा करून सांगावे लागले. भाडे पैशाने चुकते करूनही वर आश्रिताचे पेर मागणारी ही कबुलायत शिबीच्या दरबारात कशी वाचली गेली असती!

शस्त्रक्रिया बंद केली तर लोक मांजरे रस्त्यावर सोडतील, असा एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2018 साली बंदी आली, तेव्हा तेथील आश्रयगृहांत मांजरे आणून सोडणाऱ्यांची संख्या वाढल्याचे दिसले नाही.

मांजर खरवडते ते मस्तीने नव्हे. नखाचे जुने कवच गळून आत तयार झालेले तीक्ष्ण नख मोकळे व्हावे, पाठ व खांदे ताणले जावेत, आणि पंजातील ग्रंथींचा गंध मागे ठेवून जागेवर आपली वहिवाट नोंदवावी, अशी तीन कामे त्यात उरकतात. म्हणून ही क्रिया थांबवावयाची नसते. तिला जागा द्यावयाची असते. घायपाताची किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेला, मांजर पूर्ण ताणून उभे राहील एवढा, म्हणजे सुमारे तीन फूट उंच आणि रेटले तरी न डुलणारा खांब पुरतो. काहींना आडवे काथ्याचे पायपुसणेच अधिक आवडते. दर दोन-तीन आठवड्यांनी नखाचे टोक कापावे: बोट वरून-खालून हलकेच दाबले की नख बाहेर सरकते, त्याच्या आत गुलाबी जिवंत भाग दिसतो, त्याला न शिवता पुढचे पारदर्शक टोक तेवढे उडवावे, आणि मांजराने पाय ओढून घेतला तर उरलेली नखे उद्यावर टाकावीत. सोफ्याच्या कोपऱ्याला दुहेरी चिकटपट्टी लावली तर तो चिकट स्पर्श मांजराला रुचत नाही. नखांवर चिकटवण्याच्या मऊ टोप्याही मिळतात, त्या चार-सहा आठवड्यांनी बदलाव्या लागतात.

या सर्वांत खांबाची जागा महत्त्वाची. मांजर झोपेतून उठल्यावर जेथे आळस देते आणि जेथे माणसांची ये-जा असते, तेथेच, म्हणजे बहुधा दिवाणखान्यात सोफ्याला लागून तो ठेवावा लागतो. पुष्कळ घरांत तो अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवतात आणि मग मांजर त्याला शिवत नाही म्हणून कुरकुर करतात. दिवाणखान्यात तो पाहुण्यांना दिसतो, एवढीच काय ती त्याच्याविरुद्धची तक्रार असते.