जुनी ढाल, नवा हात

पूर्वजांनी कमावलेल्या नावावर पुढच्यांनी किती दिवस जगावे? हा गंभीर प्रश्न आज आम्ही मुलांच्या एका चित्रकथेच्या निमित्ताने मांडत आहोत. वाचकांनी हसू नये.

कॅप्टन अमेरिका हे नाव आपल्या नातवंडांना सिनेमामुळे पाठ आहे. त्याचे जनक जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेही ज्यू. कर्बींचे मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग. मार्च १९४१ च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा वीर हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. त्या चित्रापायी धमक्या आल्या, असे सायमन यांनी लिहून ठेवले आहे. कर्बी तर १९४४ साली स्वतः पायदळातून युरोपात लढले आणि तिथल्या थंडीने त्यांच्यावर पाय गमावण्याची वेळ आणली. म्हणजे ते नाव फुकट मिळालेले नव्हते.

युद्ध संपल्यावर खप उतरला आणि १९५० मध्ये मासिक बंद पडले. १९५३ च्या अखेरीस प्रकाशकांनी वीराला पुन्हा उठवले. १९५४ साली त्याच्या नावाचे अवघे तीन अंक निघाले. ढाल तीच, पोशाख तोच. बिरुद मात्र कम्युनिस्टांचा कर्दनकाळ असे. तिसऱ्या अंकानंतर सारे थांबले.

स्टॅलिनच्या राज्यात जुलूम नव्हता असे आम्ही म्हणत नाही. जानेवारी १९५३ मध्ये मॉस्कोत ज्यू डॉक्टरांवर खुनाचे खोटे आरोप ठेवले गेले होते. परंतु अमेरिकेत तेव्हा सिनेटर मॅकार्थी यांचा जोर होता. पुराव्यावाचून माणसे देशद्रोही ठरत होती. १९४१ सालचा ठोसा मारायला धैर्य लागले. १९५४ साली मात्र सगळे ज्याला झोडपत होते त्यालाच झोडपायचे होते. जुन्या धैर्याच्या नावावर नवी भीती विकली गेली.

पुढे १९६४ साली हा वीर पुन्हा आला. युद्धाच्या अखेरीपासून तो बर्फात गोठून पडला होता, असे कथेत सांगितले. मग १९५४ चा तो कोण? १९७२ साली लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यांनी उत्तर दिले: तो दुसराच माणूस. चेहरा व नाव उसने घेतलेला, आणि औषधाने डोके फिरून जिकडेतिकडे शत्रू पाहणारा.

उत्तर सोयीचे आहे. आपणही हेच करतो. घरातल्या किंवा समाजातल्या कोणी अन्याय केला, की "तो आपल्यातला नव्हताच" म्हणून मोकळे होतो. आम्ही नर्सेस जाणतो, की जखम न धुता वर पांढरी पट्टी बांधली तर आत पू धरतो. एंगलहार्ट यांचे मोठेपण एवढेच, की त्यांनी ते अंक पुरून टाकले नाहीत. दोघांना समोरासमोर उभे केले.

आमच्या मते कथेला दुसरा माणूस सापडतो, आपल्याला सापडत नाही. वाडवडिलांच्या धैर्याचा अभिमान सांगायचा, तर त्याच नावाखाली झालेली चूकही आपलीच म्हणावी लागेल. मुलांना ढाल जरूर द्यावी. ती कोणावर उगारायची नाही, हेही सांगावे.