खरखर कुठून येते?



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या ३८ व्या श्लोकावर. काम ज्ञानाला कसा झाकतो, हे समजावताना भगवंत तीन दाखले देतात: धुरामागचा अग्नी, धुळीखालचा आरसा आणि वारेतला गर्भ. तिन्ही ठिकाणी आतली वस्तू शाबूत आहे, हे आधी लक्षात घ्या.

भजनी मंडळातला जुना ॲम्प्लिफायर बघा. आवाजाचं बटण फिरवलं की स्पीकरमधून खर्र खर्र. लगेच कुणीतरी म्हणतं, "गेला हा, नवा घ्या." पण बटणामागे असतो पोटेन्शिओमीटर, म्हणजे कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी धातूची जीभ. दोघींच्या मधे धूळ आणि झिजेची भुकटी साचली की संपर्क तुटतो-जुळतो. बिघाड बहुतेकदा एवढाच.

जपाला बसल्यावर डोक्यात ऑफिसचे मेसेज वाजतात, म्हणून "माझ्यात भक्तीच नाही" असं ठरवून माळ ठेवून देणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांनी थोडं थांबावं.

पॉट साफ करताना आधी प्लग काढायचा. आतल्या मोठ्या कपॅसिटरांना हात लावायचा नाही, त्यांत चार्ज उरलेला असतो. पॉटच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटासा फवारा, आणि मग बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवायचं. मळ सुटतो तो फिरवल्याने. प्रवचन ऐकणं हा फवारा झाला. माळ आपल्यालाच फिरवावी लागते.

आणखी एक. नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल मळ काढून उडून जातं, पण मूळचं वंगणही धुऊन नेतं. मग कोरडी जीभ पट्टीला घासत बसते. म्हणून पॉटसाठी वंगण मागे ठेवणारं क्लीनर घेतात. निग्रहाचंही तसंच. उपास कडक, मोबाइल बंद, आणि घरात सगळ्यांवर खेकसणं चालू! प्रेमाचं वंगण नसेल तर साधनासुद्धा झिजवते.

पण प्रत्येक खरखर मळाची नसते. कधी आधीचा कपॅसिटर गळत असतो आणि डीसी पॉटमध्ये शिरतो. तिथे कितीही फवारे मारा, खरखर परत येते. कपॅसिटरच बदलावा लागतो. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच रस नाही, अशा माणसाला "जप वाढव" एवढंच सांगून भागत नाही. त्याने डॉक्टरांकडे जावं. त्याने श्रद्धा कमी होत नाही. धूर वाऱ्याने जातो, आरसा पुसावा लागतो, गर्भाला दिवस भरावे लागतात. भगवंतांनी दाखले तीन दिले, ते उगीच नाही.

वर्षानुवर्षं न वापरलेल्या स्विचच्या चांदीच्या संपर्कांवर काळा थर चढतो. रोजच्या वापरातला घासून घासून बराच स्वच्छ राहतो. तेव्हा आज फक्त पाच मिनिटं बसा. मन भटकलं तरी मणी पुढे सरकू द्या.

राम कृष्ण हरी!