एक जूनचे चिरंजीव

माझी नात संगणकाचे शिक्षण घेते. त्यातही 'डेटाबेस' म्हणून जो विषय आहे, तो तिने धरला आहे. डेटाबेस म्हणजे काय, हे तिने मला तीनदा समजावून सांगितले. तिसऱ्यांदा मी म्हटले, "म्हणजे आमचे शाळेचे जनरल रजिस्टरच की!" तेव्हापासून तिने समजावणे सोडले आहे.

परवा सरावासाठी तिने माझ्याकडून माजी विद्यार्थ्यांची यादी नेली आणि रात्री हिरमुसून परत आली. "आबा, तुमची पोरं गळताहेत!" नवशिक्यांना वरच्या वर्गातली मुले सोपे सल्ले देतात, त्यातला एक तिला मिळाला होता. नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच समजायचा आणि दुसरी ओळ पुसून टाकायची. इतरत्र हे खपूनही जात असेल. पण आमच्या खानदेशातल्या खेड्यात निम्मे गाव पाटील, नावे ठरलेली, आणि जन्मतारीख म्हणाल तर बहुतेकांची एक जून! यंत्राने चांगली धडधाकट माणसे पुसून टाकली होती.

त्या एक जूनचा एक गुन्हेगार मी आहे.

१९७२ च्या जूनमध्ये मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. वय एकवीस. ओट्यावर पोरांची ही रांग, आणि पुढ्यात ते जाडजूड रजिस्टर. हात थरथरत होता. हेडमास्तर पानाला चुना लावत म्हणाले, "घाबरू नका. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं. तारखेच्या भानगडीत पडू नका, एक जून टाका." काय हलके वाटले म्हणून सांगू! दुपारपर्यंत मी चाळीस मुलांना जन्म दिला.

त्यांतल्या एकाच्या आईला मी सहज विचारले, "जन्म कधीचा?" ती म्हणाली, "पोयाना दुसरा दिन, गुरुजी." पोळ्याचा दुसरा दिवस! म्हणजे श्रावणी अमावास्येचा दुसरा दिवस. बाई मला चक्क तारीख सांगत होती. नुसते पंचांग उघडायचे होते. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ साली देह ठेवला, जुन्या कागदांच्या तिथ्या पारखण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्याच जिल्ह्यात मी तिच्यादेखत एक जून टाकली.

नातीच्या शास्त्रात म्हणे 'माहीत नाही' यालाही मान आहे. त्याला 'नल' म्हणतात. (मला आधी 'नळ' ऐकू आले. आमच्या गल्लीतला नळही तसाच. उघडला तरी आत काय आहे, ते सांगता येत नाही.) हा नल म्हणजे शून्य नव्हे. दोन नल समोरासमोर उभे केले तर ते सारखे आहेत असे यंत्र म्हणत नाही. 'ठाऊक नाही' म्हणते. केवढा हा प्रामाणिकपणा! पण त्यापायी हिशेबात अशा काही गाठी पडतात की जुनी जाणती माणसेही वैतागतात. म्हणून नवशिक्याला सांगायचे, रकाना रिकामा ठेवू नकोस, कुठलीतरी तारीख टाकून दे. म्हणजे आमचे हेडमास्तरच.

मग सोपा सल्ला देऊच नये का? मला तसे म्हणवत नाही. त्या दिवशी त्यांनी मला पंचांग आणि गावचे जन्ममृत्यूचे पुस्तक धुंडाळायला लावले असते, तर मी संध्याकाळच्या एस.टी.ने घर गाठले असते. ती पोरे दुष्काळात आईबापांमागे खडीच्या कामावर गेली असती. शाळेत नाव लागणे तारखेहून मोठे होते. तक्रार एवढीच, की रजिस्टरात शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना होता. तिथे 'अंदाजे' लिहा, हे काही ते बोलले नाहीत. मी त्यांची सोय हाच नियम समजलो, आणि पुढे हाताखाली आलेल्या नव्या मास्तरांना पान लावत तोच सांगितला. आधारचे पहिले क्रमांक २०१० साली आमच्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिले गेले. त्या आधारमध्ये जन्मतारीख कागदावरून पडताळलेली, तोंडी सांगितलेली की अंदाजाची, हे नोंदवायची सोय आहे. आमच्या शेऱ्याला अक्कल यायला अडतीस वर्षे लागली!

तो पोळ्याचा मुलगा सरकारी नोकरीत लागला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. तेव्हा ३१ मे २०२४ रोजी, अठ्ठावन्न भरली म्हणून, तो घरी बसला. पेढे घेऊन आला, वाकून नमस्कार केला. "गुरुजी, तुम्ही नाव लावलं म्हणून इथवर आलो."

काल मी १९६६ चे पंचांग मिळवून पाहिले. पाच मिनिटांचे काम. त्या साली श्रावण अधिक होता, पोळा सप्टेंबरात. चार महिन्यांचा पगार मी एका रेघेत घालवला होता.

"आबा, यांच्या तारखेचं काय करू?" नात विचारत होती. "नल ठेवू?"

"थांब. त्याला फोन लाव."

पाऊसपाण्याचे झाले, नातवंडांचे झाले. मग मी विचारले, "तुझी आई तुला ओवाळायची कधी रे?"

"पोयाना दुसरा दिन, गुरुजी," तो म्हणाला. "का बरं?"