व्यापाऱ्याची पाच मुले

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या व्यापाऱ्यांची चरित्रे बहुतेक वेळा त्यांच्या वखारींपासून सुरू होतात. विल्यम बेंटच्या बाबतीत तर तो मोह आवरणे कठीण. कोलोराडो राज्यात, ला हुंटा गावाजवळ, आर्कान्सॉ नदीच्या काठी त्याची मातीची गढी आज पुन्हा उभी आहे. मूळ गढी केव्हाच ढासळली होती. 1976 साली राष्ट्रीय उद्यान विभागाने जुनी रेखाटने आणि उत्खनन यांच्या आधाराने ती नव्याने बांधली. आत लोहाराची भट्टी आहे, कातड्यांचे गठ्ठे आहेत आणि गोरे, मेक्सिकन व मूलनिवासी एकाच अंगणात वावरत होते ही कहाणी आहे. ती खोटी नाही. पण बेंटच्या आयुष्याचा हिशेब त्या अंगणात उभे राहून लागत नाही. तो लावायचा तर 29 नोव्हेंबर 1864 च्या पहाटे त्याची पाच मुले कुठे कुठे होती, हे आधी पाहावे लागते.

बेंटचा जन्म 1809 साली सेंट लुइसचा. वडील सायलस बेंट न्यायाधीश होते. शिक्षण, ओळखीपाळखी, प्रतिष्ठा, सगळे घरात होते. तरीही विल्यम आणि थोरला भाऊ चार्ल्स कातड्यांच्या व्यापारात उतरले. सेरान सेंट व्रेन हा भागीदार मिळाला, ‘बेंट, सेंट व्रेन आणि कंपनी’ ही पेढी निघाली आणि 1833 च्या सुमारास उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची ती प्रचंड वखार उभी राहिली. विटा पाडणारे हात मेक्सिकन मजुरांचे होते. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. त्या काळी आर्कान्सॉ नदी हीच अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातली हद्द होती. मिसुरीहून सांता फेकडे जाणारे गाड्यांचे तांडे दारावरून जात आणि शायान व अरापाहो लोकांचे शिकारीचे मैदान भोवती पसरलेले होते. किटल्या, सुऱ्या, बंदुका, दारू-शिसे, मणी, घोंगड्या, कॉफी, साखर वखारीत येई. बायसनची कमावलेली केसाळ कातडी गाड्या भरून मिसुरीकडे जाई.

1835 मध्ये विल्यमने मिस्तांताशी लग्न केले. इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव ‘आऊल वुमन’ असे येते. तिचे वडील व्हाइट थंडर हे शायानांच्या पवित्र बाणांचे रक्षक होते, म्हणजे त्या समाजात फार मोठ्या मानाचे. या लग्नाकडे निव्वळ धंद्याची चाल म्हणून पाहणारे आहेत आणि प्रेमकथा म्हणून रंगवणारेही आहेत. मला दोन्ही अपुरे वाटते. शायानांच्या जगात परक्याशी केलेला सौदा जेवढ्यास तेवढा असे. सोयऱ्याशी केलेल्या व्यवहारात देण्याघेण्याचे, मदतीचे, सुडाचेही बंधन येई. बेंटने ते बंधन पत्करले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे तंबू बायकोचा असे आणि नवरा तिच्या माणसांत राहायला जाई. मिस्तांताला गढीतल्या खोल्यांपेक्षा आपला तंबूच बरा वाटे असे सांगतात. सेंट लुइसच्या न्यायाधीशाचा मुलगा त्या तंबूत शायान भाषा बोलत संसार करत होता. सोयरीक हेच त्याचे भांडवल होते हे खरे, पण ते भांडवल तो रोज जगतही होता.

त्याची फळे लवकर दिसली. 1838 मध्ये वुल्फ क्रीकच्या लढाईत कायोवा आणि कमांची यांच्याशी लढताना व्हाइट थंडर मारले गेले. दोनच वर्षांनी, 1840 मध्ये, याच वखारीजवळ शायान-अरापाहो आणि कायोवा-कमांची-अपाची यांच्यात मोठा तह झाला. घोडे, घोंगड्या, बंदुका एकमेकांना देण्यात आल्या आणि तो तह या जमातींनी पुढे पाळला. तो मूलनिवासींनी आपापसात केलेला होता. त्याचे श्रेय बेंटला देणे चूक. पण माणसे एकमेकांना मारत असताना कातडी येत नाहीत, हे कळणारा आणि दोन्हीकडच्यांना ठाऊक असलेला माणूस जवळ असणे कामी आले. व्यापाराला समोरचा माणूस जिवंत आणि स्वतंत्र लागतो. बेंटच्या काळातल्या सलोख्याचे मूळ इथे आहे, आणि त्याची मर्यादाही.

मर्यादेबद्दल बोललेच पाहिजे, कारण त्या गढीचे कौतुक करणारे तिथे थांबतात. एकेक कातडे खरवडून, मेंदूच्या लगद्याने चोळून, ओढून-ताणून मऊ करण्याचे काम शायान बायकांचे होते. मागणी वाढली तसे ते काम वाढले आणि जितकी खायला लागत त्याहून कितीतरी अधिक जनावरे बाजारासाठी पडू लागली. ज्या कळपांवर सोयऱ्यांचे जगणे उभे होते तेच जावयाच्या खतावणीत जमेला जात होते. स्पर्धेच्या दडपणाखाली या पेढीच्या मालात दारूही आली. त्याच अंगणात शार्लट आणि डिक ग्रीन हे कृष्णवर्णीय जोडपे होते. शार्लटच्या हातच्या स्वयंपाकाची ख्याती सांता फेच्या वाटेवर पसरली होती. ती आणि तिचा नवरा बेंट बंधूंचे गुलाम होते. आणि 1846 मध्ये मेक्सिकोवर चालून जाणाऱ्या जनरल कर्नीच्या फौजेचा तळ पडला तो याच गढीपाशी. ज्या सीमेमुळे वखार भरभराटीला आली ती सीमाच पुसायला निघालेल्या सैन्याला बेंट बंधूंनी आसरा, रसद आणि वाटाडे दिले.

किंमत पहिल्यांदा त्यांच्याच घराने मोजली. जिंकलेल्या न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर म्हणून नेमलेल्या चार्ल्सला 19 जानेवारी 1847 रोजी ताओसमध्ये बंडखोरांनी त्याच्या घरात ठार केले. त्याच वर्षी भाऊ जॉर्ज वारला. रॉबर्ट तर 1841 मध्येच कमांचींच्या हातून गेला होता. विल्यमच्या तिन्ही मुलग्यांची नावे या भावांचीच. 1847 मध्ये मिस्तांताही गेली, धाकटी ज्युलिया जन्मली तेव्हा. शायान रिवाजाप्रमाणे तिची बहीण यलो वुमन हिने विल्यमचा संसार सांभाळला. चार्ल्स तिचा मुलगा. 1849 मध्ये गाड्यांच्या वाटेने कॉलरा आला आणि दक्षिणेकडचे जवळजवळ निम्मे शायान त्यात गेल्याचे मानले जाते. ज्या वाटेने माल येई त्याच वाटेने साथ आली. त्याच वर्षी बेंटने जुनी गढी सोडली; स्वतःच सुरुंग लावून ती उडवल्याची कथा अजून सांगितली जाते. पुढे नदीच्या खालच्या अंगाला त्याने दगडी वखार बांधली आणि मुलांना शिकायला मिसुरीला पाठवले.

मग 1858 मध्ये कोलोराडोत सोने सापडले. हजारोंच्या झुंडी आल्या. त्यांना शायानांकडून काही विकत घ्यायचे नव्हते. त्यांना शायानांची जमीन हवी होती, तीही शायानांशिवाय. बेंटने हे लवकर ओळखले. 1859 मध्ये सरकारचा इंडियन एजंट म्हणून त्याने वरिष्ठांना कळवले की हे लोक चहूबाजूंनी कोंडले गेले आहेत, बायसन संपत आहे, आणि तातडीने काही केले नाही तर उपासमारीचे, सर्वनाशाचे युद्ध अटळ आहे. इशारा स्पष्ट होता. पण पुढच्याच वर्षी तो पद सोडून मोकळा झाला, आणि त्याच सुमारास त्याची दगडी वखार सैन्याकडे गेली. तिच्या शेजारी लष्कराने ठाणे बांधले. तेच पुढे फोर्ट लायन झाले. 1861 च्या फोर्ट वाइज तहाने शायान-अरापाहोंकडे 1851 च्या कराराने मान्य केलेल्या प्रदेशाचा तेराव्या हिश्शाहूनही कमी भाग उरला, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी तो तह कधीच आपला मानला नाही.

नोव्हेंबर 1864 मध्ये शांततेची बोलणी करून आलेल्या ब्लॅक केटल या प्रमुखाचा तळ सँड क्रीकच्या काठी होता. सैन्याच्या संरक्षणाखाली आपण सुरक्षित आहोत असा त्यांचा समज करून दिलेला होता. कर्नल जॉन शिव्हिंग्टनच्या सैनिकांनी वाटेत बेंटचे घर वेढले, म्हाताऱ्या विल्यमवर पहारा बसवला आणि त्याचा थोरला मुलगा रॉबर्ट याला वाटाड्या म्हणून जबरदस्तीने बरोबर घेतले. 28 तारखेच्या रात्री फोर्ट लायनहून सुमारे 700 सैनिक निघाले. बेंटच्या घामाच्या दगडांशेजारून, बेंटच्या मुलाला पुढे घालून ते बेंटच्या सासुरवाडीवर चालून गेले. तळावर जॉर्ज होता, चार्ल्स होता, ज्युलिया होती. थोरली मेरी गोऱ्या नवऱ्याबरोबर वडिलांजवळ राहत होती.

ब्लॅक केटलने तंबूवर अमेरिकेचा झेंडा आणि त्याखाली पांढरे निशाण उभारले. तरी गोळीबार झाला. सुमारे 230 माणसे मेली, त्यांत बायका, मुले, म्हातारे सर्वाधिक. कॅप्टन सायलस सूलने आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. पुढे साक्ष दिल्यानंतर काही आठवड्यांत त्याचा डेन्व्हरच्या रस्त्यावर खून झाला. जॉर्जच्या कमरेला गोळी लागली, नदीपात्रात वाळू उकरून केलेल्या खड्ड्यात तो वाचला. चार्ल्स पकडला गेला आणि ओळखीच्या सैनिकांमुळे सुटला. जॉन स्मिथ या दुसऱ्या व्यापाऱ्याचा शायान आईपासून झालेला मुलगा जॅक मात्र कैदेत असताना गोळी घालून मारला गेला. त्याचा बाप त्या दिवशी व्यापारासाठीच तळावर आलेला होता.

या मुलांबद्दल ‘दोन जगांत अडकलेली’ असे लिहिण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही, कारण त्यात दोष मुलांच्या मनाकडे ढकलला जातो. जॉर्जकडे पाहा. तो मिसुरीत शिकला, यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढला, पकडला गेला, सुटून 1863 मध्ये घरी आला. दोन्ही भाषा, दोन्ही घरे त्याला सहज येत होती. तो अडकलेला नव्हता. त्याच्या दुसऱ्या घराचा दरवाजा बंदुकीने बंद केला गेला. सँड क्रीकनंतर तो आणि चार्ल्स शायान लढवय्यांबरोबर बाहेर पडले. यलो वुमनही उत्तरेकडे गेली आणि 1865 मध्ये सैन्याबरोबरच्या पॉनी स्काउटांच्या हातून मारली गेली. चार्ल्सने बापाशी नाते तोडले आणि 1868 मध्ये तो मेला. रॉबर्टने मात्र चौकशीत साक्ष दिली: झेंडा फडकताना त्याने पाहिला होता, आणि दयेची याचना करणाऱ्या बायकांना मारताना पाहिले होते. त्याच्यावर फितुरीचा ठपका ठेवणाऱ्यांनी ती साक्ष वाचावी.

विल्यमनेही काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. ऑक्टोबर 1865 मध्ये लिटल आर्कान्सॉच्या तहात सरकारने हत्याकांडाची जबाबदारी मान्य केली, वाचलेल्यांना भरपाई कबूल केली. त्या तहावर सही करणाऱ्या आयुक्तांत विल्यम स्वतः होता, आणि मिश्र रक्ताच्या सोयऱ्यांना 640 एकरांचे तुकडे देण्याच्या कलमात त्याच्या मुलांची नावे होती. दोनच वर्षांनी मेडिसिन लॉजच्या तहाने शायानांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमाकडे हलवण्यात आले. त्या तहात जॉर्ज दुभाषी होता. 19 मे 1869 रोजी विल्यम वारला.

बेंट चांगला व्यापारी होता का, या प्रश्नाला मी होय म्हणेन. दिलेला शब्द तो पाळी, आणि ज्या लोकांशी व्यवहार केला त्यांच्यात तो घर करून राहिला. पण त्याने बांधलेली सगळी सुरक्षितता सोयरिकीवर आणि तोंडओळखीवर उभी होती. त्याच्या बायकोच्या माणसांना त्यांच्याच जमिनीवर कायद्याने हक्क मिळावा, यासाठी त्याच्याकडे पत्रे लिहिण्यापलीकडे काही नव्हते. उलट ज्या राज्यसत्तेने तो हक्क नाकारला तिला त्याच्या गढ्या, गाड्या आणि वाटा उपयोगी पडल्या. सद्भावना असलेल्या मध्यस्थांचे कौतुक करताना आपण हे वगळतो, आणि मग 1864 एका क्रूर कर्नलचे कृत्य वाटते.

जॉर्ज 1918 पर्यंत जगला. ओक्लाहोमातून त्याने जॉर्ज हाइड या इतिहासकाराला शेकडो पत्रे लिहिली. त्यांवरून केलेले त्याचे चरित्र 1968 मध्ये प्रसिद्ध झाले. सँड क्रीकवरच्या तळाचे त्याने नकाशेही काढले होते: कोणत्या प्रमुखाचे तंबू कुठे, नदी कशी वळते, लोक कोणत्या बाजूने पळाले. हत्याकांडाची नेमकी जागा निश्चित करण्यासाठी 1990 च्या दशकाच्या अखेरीस शोध सुरू झाला तेव्हा संशोधक आणि शायान-अरापाहो वंशज यांच्यासमोर त्या नकाशांच्याही प्रती होत्या, आणि त्यांच्यावरून कडाक्याचे वादही झाले. 2007 मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून खुली झाली. बापाच्या गढीची प्रतिकृती त्याआधी 31 वर्षे बांधून तयार होती.